ओटीवरचं ताट

मुंबईतून कुठल्याही बाजूनं बाहेर पडा, पुण्याकडे, नाशिककडे, गोव्याकडे किंवा विरारवरून गुजरातकडे, तास-दोन तासांत रस्त्याकडेला एक गाव लागतं. त्याला वेस असते, दिंडी दरवाजा असतो. आत शिरताच तुळशीवृंदावन, रहाट लावलेली विहीर, जू टेकवून उभी असलेली बैलगाडी. फेटा बांधलेला एखादा मुलगा ‘रामराम पाव्हणं’ म्हणतो. या गावात शेत नसतं, गुरं नसतात, तलाठी नसतो, बांधावरून भांडणारे भाऊ नसतात. राहायलाही कुणी नसतं. सगळे जेवायला आलेले, आणि जेवण झालं की गाडीत बसून पुढे जाणारे.

मला ही हॉटेलं आवडतात. माझ्या ओळखीतले बरेच वाचणारे-लिहिणारे लोक त्यांचं नाव काढलं की नाक मुरडतात. सिमेंटचा बैल, पत्र्यावर रंगवलेली कौलं, चुलीच्या आत गॅसचा बर्नर, सगळं खोटं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं आहे हे मलाही दिसतं. पण गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गावी जाताना अशाच एका हॉटेलात आम्ही थांबलो आणि तिथं जे झालं त्यानं मी या खोटेपणाचा नीट विचार करायला लागले.

आधी थांबण्याचं कारण सांगते, कारण ते साधं आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. बाईमाणूस लांबच्या प्रवासात हॉटेल निवडतं ते संडास बघून. आईला साखर आहे, दर दोन तासांनी थांबावंच लागतं. लाल डब्यानं गावी जायचो तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडायच्या. स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेवता येत नसे आणि ड्रायव्हरला ‘गाडी थांबवा’ म्हणायची लाज वाटे. या गावछाप हॉटेलांनी काही केलं नसेल तरी एवढं केलंय, की दारात कठडा असलेला, पाणी असलेला, आतून कडी लागणारा संडास बायकांना दिलाय. तेवढ्यासाठीसुद्धा मी त्यांच्या सिमेंटच्या बैलाला रामराम घालीन.

कल्पना तशी आपल्याकडची नाही. अहमदाबादला ‘विशाला’ १९७८ साली सुरू झालं. कंदिलाच्या उजेडात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून गुजराती जेवण, आणि त्याच आवारात जुन्या भांड्याकुंड्यांचं संग्रहालय. जयपूरबाहेरची ‘चोखी ढाणी’ १९८९ ची. जालंधरच्या ‘हवेली’ला लागून तर पंजाबी खेडंच उभं केलंय. आपल्या बाजूला कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. तिथं भाता फुंकणारा लोहार, चाक फिरवणारा कुंभार, दळणारी बाई, सगळी सिमेंटची माणसं इतकी जिवंत केली आहेत की शाळेच्या सहलीतली मुलं आधी जरा बिचकतात. महामार्गावरच्या आपल्या हॉटेलवाल्यांनी हे सगळं पाहिलं, त्यातलं परवडेल तेवढं उचललं आणि आपल्या थाळीला वाड्याची चौकट दिली.

आणि ते चालतं, कारण मुंबईत गाव सोडून आलेल्यांची नातवंडं राहतात. माझे आजोबा, आईचे वडील, खेड तालुक्यातून मुंबईला आले ते डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. ती ट्रंक आजही आईच्या घरात, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, माळ्यावर आहे. ते परळच्या गिरणीत कताईच्या खात्यात लागले. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण गिरणगावात आमच्या आधीच्या पिढीला तिथं घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या ओठांचा धागा इतरांच्या ओठांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे मांडली होती. आजोबांच्या वेळेपर्यंत कायदा बदलला होता, पण नोकरीला माणूस चिकटवायचा तो ओळखीनं, आणि आमच्या लोकांच्या ओळखी कताईतच होत्या.

हे इथं सांगावं लागतंय, कारण माझी गोष्ट तोंडाची आणि घोटाची आहे. कोण कुठं बसून काय पिऊ शकतं, याची.

पहाटे निघालो. मी, आई आणि माझी मुलगी. वाशीची खाडी, पनवेल, पळस्पे फाटा. कर्नाळ्यापर्यंत उजाडलं. पेणला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गणपतीचे कारखाने, मे महिन्यातच पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या. वडखळला उजवीकडे अलिबागचा रस्ता फुटतो. त्या वाटेवर चरी हे गाव आहे, जिथल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, विरोधात संप केला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील होते. हे मी मुलीला दर वेळी सांगते, ती दर वेळी ‘माहीत आहे’ म्हणते. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या या रस्त्याबद्दल कोकणी माणसाला काही सांगायला नको. कोलाडच्या पुढे आई म्हणाली, ‘‘बाय, आता थांबव.’’ आणि डाव्या हाताला वाडा दिसला.

सागवानी दरवाजा खरा होता, पितळी कड्या खऱ्या होत्या. कोकणातली घरं बंद पडतात, वारस मुंबईत, छपराला कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. मग कुणीतरी येऊन खांब, तुळया, दारं काढून नेतो. त्यातलं काही जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या लाकडी सामानाच्या बाजारात दिसतं, काही अशा हॉटेलांत. बाकी वाडा देशावरचा होता. मध्ये चौक, कडेनं सोपे. कोकणात असलं घर नसतं. आमच्याकडे पुढे अंगण, मग पडवी, मग ओटी, आत माजघर. मालकानं दोन्ही एकत्र केलं होतं, चौकाच्या एका बाजूला कमरेएवढ्या जोत्यावर लांब ओटी बांधली होती. जोत्याला जांभ्या दगडासारख्या फरश्या, वर लोड-तक्के, पाट, चौरंग. कोपऱ्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा.

वस्तू जागोजाग मांडलेल्या. सूप, रोवळी, रवी, पाटा-वरवंटा, भिंतीला टेकवलेला नांगर, इरलं. जात्याला तेलरंग फासून त्यावर फुलं काढली होती. आईनं त्याच्याजवळ जाऊन वाकून, वरच्या तळीखाली बोटं घालून चाचपलं. म्हणाली, ‘‘टाकी गेलीय याची. यात पीठ नाही पडायचं, भरडा पडेल.’’ मग खुंट्याला धरून हलवून पाहिलं, तो सिमेंटनं पक्का केलेला. मुलीनं विचारलं, टाकी म्हणजे काय? आईनं सांगितलं की दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत होतात, मग टाकीवाला येऊन छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करून जातो. तो आला नाही तर दोन शेर नाचणी दळायला पहाटे चारला उठलं तरी वेळ पुरत नाही. मुठीत किती वैरण घ्यायची, तोंडात कधी टाकायची, एका हातानं ओढायचं आणि दुसऱ्यानं घालायचं, हे तिनं तिथंच, रंगवलेल्या जात्यापाशी उकिडवं बसून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या दोन पुरुषांनी मोबाइल काढले. आईला ते कळलं नाही, किंवा कळून तिनं लक्ष दिलं नाही. तिला एखादी गोष्ट नीट समजावून सांगायची असली की आजूबाजूचं जग नसतं.

वेटर मुलगा आला. धोतर, बंडी, फेटा, पायात स्पोर्ट्स शूज. म्हणाला, ‘‘आजी, वर बसा ना, ओटीवर. मस्त वारा येतो.’’

आई पहिल्या पायरीपाशी थांबली. मला वाटलं गुडघे. मी हात पुढे केला. ती म्हणाली, ‘‘मी खालीच बरी.’’ मुलगा गोड बोलणारा होता, म्हणाला, आजी, मी धरतो. आणि त्यानं खरंच तिला दंडाला धरून तीन पायऱ्या चढवून वर नेलं, लोडाला टेकवून बसवलं, पाठीमागे तक्क्या सरकवून दिला. पाणी आणून दिलं तांब्यात, फुलपात्र्यात ओतून हातात दिलं.

आई पाणी प्यायली आणि बराच वेळ ओटीच्या काठावरून खाली बघत राहिली. मग सांगायला लागली.

गावात खोताचं घर होतं. खोती कायद्यानं गेली १९४९ साली. त्याआधी १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल आणलं होतं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले होते. पण कायद्यानं खोती गेली म्हणून खोताचं घर जागेवरून हललं नाही. आईच्या लहानपणी, म्हणजे आमच्या वाडीनं बौद्ध धम्म घेतल्यानंतरच्या काळात, आजी त्या घरी लाकडाची मोळी विकायला जाई. आई तिच्याबरोबर, डोक्यावर छोटी मोळी घेऊन. मोळी अंगणात टाकायची, तुळशीच्या अलीकडे. मग उभं राहायचं. आतून खोतीण यायची, पैसे वरून हातात टाकायची. चहा मिळाला तर तो गडग्याच्या भोकात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. तो कप आपणच काढायचा, आपणच धुवायचा, पुन्हा भोकात ठेवायचा. पाणी ओंजळीत.

‘‘ओटी मला पाठ आहे,’’ आई म्हणाली. ‘‘पण खालून.’’

जोत्याचे चिरे कसे बसवले होते, कुठल्या चिऱ्याला चीर गेली होती, खांबाच्या तळखड्यावर कसली नक्षी होती, हे तिला अजून सांगता येत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे जोत्याच्या उंचीला येतात. त्यामुळे वर बसलेल्या माणसांचे तळपाय तिला सगळ्यात आधी दिसायचे. खोताच्या टाचेला भेगा होत्या. त्याच्या मुलाच्या पायाला कायम काहीतरी लागलेलं असायचं. वर काय होतं, छताला हंड्या होत्या की फोटो होते, भिंतीचा रंग कुठला होता, हे तिला माहीत नव्हतं. ती वर बघायची नाही. बघितलं तर आजी दंडाला चिमटा काढायची.

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आई गप्प बसणारी बाई नाही, तिनं आम्हाला वाडीतल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत: पाण्यासाठी व्हाळात खणलेला डवरा, रात्रशाळा, बाबासाहेबांच्या जयंतीला बाल्यांचा नाच. ओटीची गोष्ट तिनं राखून ठेवली होती असंही नाही. ती सांगायला तिला कुठल्या तरी ओटीवर बसावं लागलं, एवढंच.

मग जेवण आलं. पिठलं, नाचणीची भाकरी, भरलं वांगं, खरडा, सोलकढी, ताकाची वाटी. भाकऱ्या करणारी बाई चौकाच्या कोपऱ्यात नऊवारी नेसून चुलीपुढं बसली होती. आईनं भाकरीचा पापुद्रा काढून पाहिला आणि ‘बरी केलीय’ म्हणून मान हलवली. तिची पावती सहज मिळत नाही. १९९५ ला युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर मिळायची, त्याच पिठल्याला आता तीनशे-साडेतीनशे मोजावे लागतात, हेही तिनं सांगितलं.

मी मात्र जेवताना आजूबाजूची माणसं बघत होते. शेजारच्या पाटावर एक मुसलमान कुटुंब, म्हातारे अब्बा लोडाला टेकलेले. पलीकडे ठाण्याकडची वाटावीत अशी दोन ब्राह्मण जोडपी, त्यांच्या बोलण्यावरून आणि ‘कांदा-लसूण नको’ वरून. खाली टेबलावर टेम्पो ड्रायव्हर आणि क्लीनर. झोपाळ्यावर कुणाकुणाची मुलं दाटीवाटीनं. तांबे सगळे सारखे, फुलपात्री सारखी, आणि ती सगळी मागच्या बाजूला एकाच मोरीत एकत्र घासली जात होती. कुणाचं फुलपात्र कुणाकडे जातं याचा हिशेब नव्हता.

कुठल्या खऱ्या वाड्याच्या ओटीवर ही पंगत बसली असती? आमच्या गावच्या तर नाहीच. आजोबा सांगायचे, मुंबईत आल्यावर त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं ते इराण्याच्या हॉटेलात. संगमरवरी टेबलाशी बसायचं, बशीत चहा ओतायचा, कुणी नाव-गाव विचारत नाही. जेवायला मात्र ते वाडीतल्याच एका बाईच्या खानावळीत जात. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या शेकडो बायका होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरणी कामगाराचा डबा त्या बायकांच्या जिवावर चालला. पण तो डबा होता, आपल्या माणसांतला घास होता. चारचौघांत, अनोळखी माणसांच्या ओळीत बसून जेवायची जागा ही वेगळी गोष्ट.

ती गोष्ट इतकी साधी नाही, म्हणून तर ती राज्यघटनेत लिहावी लागली. अनुच्छेद १५ मध्ये लिहिलंय, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं यांत जाण्यापासून अडवता येणार नाही, आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासूनही नाही. उपाहारगृह, विहीर, रस्ता. शाळेत नागरिकशास्त्रात हे पाठ केलं तेव्हा मला ती नुसती यादी वाटली होती. ज्यांनी ती केली त्यांनी त्यातली एकेक जागा बंद असलेली पाहिली होती.

बाबासाहेबांनीच ती गोष्ट लिहून ठेवलीय. १९०१ साल. साताऱ्याहून वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघालेली लहान मुलं, त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव. मसूर स्टेशनवर उतरली, नवे कपडे, डब्यात खाणं. न्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बरोबर चालणार. रात्र पडली. डब्यात जेवण होतं, पण पाणी नव्हतं. टोलनाक्याशी पोचल्यावर तिथल्या माणसाकडे पाणी मागितलं, त्यानं दिलं नाही. पोरं भरल्या डब्यापाशी उपाशी झोपली.

त्या हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या बैलगाडीत माझी मुलगी बसून फोटो काढत होती, तेव्हा मला ती मसूरची गाडी आठवली. अशी बैलगाडी माझ्या मनात आनंदाची म्हणून येत नाही. माझ्या मुलीच्या मनात ती फोटोची गाडी आहे, आणि तसंच असावं असं मला वाटतं. तिला मसूर माहीत असावं आणि गाडीत बसून हसताही यावं, दोन्ही.

म्हणून ‘खोटं आहे’ असं कुणी म्हणालं की आता मला राग येतो. खऱ्या वाड्याबद्दल एवढा जिव्हाळा कुणाला वाटतो? ज्याला तो वरून माहीत आहे त्याला. या सिमेंटच्या ओटीनं एक गोष्ट केली जी सागवानाच्या ओटीला शेकडो वर्षं जमली नाही: कुणालाही वर बोलावलं. पैसे घेऊन बोलावलं हे कबूल. धंदाच आहे तो. पण कायदा आणि धंदा यांनी मिळून माझ्या आईला तीन पायऱ्या चढवल्या. बिल भरायची ऐपत ही नवी पायरी आहे, तीही मला दिसते. मोळी विकणारी बाई आजही तिथं जेवायला येणार नाही, ती मागच्या दारानं येऊन चुलीपुढं बसेल. ते बदलायला हवं. त्यासाठी जुन्या वाड्याकडे परतून काही मिळणार नाही.

बाबासाहेब १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत बोलताना खेड्याला संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा म्हणाले होते. खेड्यावर प्रेम करणाऱ्या पुष्कळांना ते लागलं. आमच्या घरात कुणाला लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर बलुतेदारांचे पुतळे होते. प्रत्येकापुढं पाटी. मी वाचत गेले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, कोळी, जोशी. पुढे सोनार, शिंपी, तेली. महार नाही, मांग नाही, चांभार नाही. बलुतेदारांच्या याद्या मुलखामुलखाप्रमाणे बदलतात, पण महाराचं नाव बहुतेक याद्यांत थोरल्या ओळीत असतं, सुताराच्या आणि लोहाराच्या बरोबरीनं. हद्दीच्या तंट्यात साक्ष त्याची. सरकारी सारा घेऊन जायचा तो. सांगावा, चौकी, वेस, सगळं त्याच्या माथ्यावर. पुतळ्यांच्या ओळीत तो नसेल तर वेस कोण राखत होतं?

गाडीत बसल्यावर हे मी तावातावानं बोलले. माणगाव मागे पडलं तरी बोलत होते. हॉटेलवाल्याला सांगायला हवं, पुतळा बसव म्हणून.

आई म्हणाली, ‘‘कसा बसवणार? हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वेशीच्या बाहेर उभा? मी वर बसून जेवतेय आणि माझा आजा समोर उन्हात उभा. घास उतरेल का गं तुझ्या घशाखाली?’’

मी म्हणाले, म्हणून काय आपण तिथं नव्हतोच असं होऊ द्यायचं?

मागून मुलगी म्हणाली, ‘‘मग पुस्तक वाचणारा करायचा.’’

‘‘तेव्हा वाचता येत नव्हतं,’’ आई म्हणाली. ‘‘जे नव्हतं ते कशाला करायचं? बाकीच्यांचं तेवढं खरं आणि आपलं बनवलेलं?’’

लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ लागतं. तिथं आमच्या भावकीतली एक मुलगी शिकते, तिच्या फीबद्दल थोडं बोलणं झालं. पण विषय सुटला नव्हता. महाडला मी गाडी आत घेतली. चवदार तळ्याशी थांबल्याशिवाय आई पुढे जाऊ देत नाही, घाई असो वा नसो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं तो पुढच्याच वर्षी स्वीकारलाही. कागदावर तळं खुलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तिथं गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा गावात माणसं लाठ्या घेऊन तुटून पडली. त्यानंतर तळ्यात पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ केली गेली. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं, एका घोटासाठी. दर मार्चमध्ये इथं लाखोंनी लोक येतात. मे महिन्याच्या दुपारी मात्र काठावर सात-आठच माणसं होती, एक फुगेवाला आणि कॉलेजातली मुलं.

पायऱ्यांवर बसून आईनं तिचा निकाल दिला. ‘‘पुतळा नको. ट्रंक ठेवा म्हणावं.’’

‘‘कसली ट्रंक?’’

‘‘आपली. पत्र्याची. मुंबईला जाताना नेलेली. गावातून बाहेर पडायचं सामान त्यांनी ठेवलंच नाही. नांगर आहे, जातं आहे, सूप आहे. ते सगळं गावात राहायचं सामान. आमचं माणूस गावात राहिलं ते निघायची वाट बघत. ट्रंक, कंदील, आणि एक मनीऑर्डरची पावती. बस्स. मग लोक विचारतील ही कुणाची म्हणून.’’

मला ते इतकं पटलं की मी पुढे वाद घातला नाही. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत कोकणातलं कुठलं घर आहे ज्यातून ट्रंक बाहेर पडली नाही? कुणब्याच्या घरातून, मुसलमानाच्या घरातून, गिरणीत, गोदीत, बोटीवर. खोताचीही पोरं शेवटी मुंबईलाच गेली, म्हणून तर त्यांच्या दाराच्या कड्या हॉटेलात आल्या. गावाचा देखावा उभा करायचा तर त्यात गाव सोडण्याची एक तरी वस्तू हवी.

परतताना आम्ही मुद्दाम त्याच हॉटेलात थांबलो. मालक गल्ल्यावर होता, तिशीतला, जवळच्याच गावचा. आईनं मला बोलू दिलं नाही, स्वतः सांगितलं. जात्याच्या टाकीपासून सुरुवात केली, मग बलुतेदारांची ओळ, मग ट्रंक. ओळीत कोण नाही ते तिनं नावं घेऊन सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, ‘‘काकी, पुतळे आम्ही कोल्हापूरकडून तयारच आणले, सेटमध्ये. एवढा विचार केला नव्हता.’’ मग म्हणाला, त्याचे आजोबा माझगाव गोदीत होते, त्यांचीही ट्रंक होती, पण त्याच्या आईनं भंगारात दिली. थोडं थांबून त्यानं विचारलं, ‘‘तुमची द्याल का? नीट काचेच्या पेटीत ठेवतो. खाली तुमच्या वडिलांचं नाव लिहितो.’’

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती हो म्हणेल.

‘‘आमची नाही मिळायची,’’ आई म्हणाली. ‘‘तिच्यात गोधड्या आहेत. चोर बाजारात जा, मटण स्ट्रीटला विचार. बिजागरी पितळेची बघून घे, आणि कडीला कुलपाचा घाव असलेली घे. नवी रंगवलेली घेऊ नकोस.’’

त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि आमच्यासाठी वर, ओटीवर, ताटं मांडायला सांगितलं.